मैदा पेरला तर काय उगवेल?

सुरुवात भाचीने केली. नऊ वर्षांची आहे. बिस्किटाच्या पाकिटाची मागची बाजू वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मावशी, गहू पेरला की गहू येतो. मग मैदा पेरला तर?"

"काही नाही येत."

"का?"

"कारण तो दळलेला असतो."

"पण दळताना नेमकं काय मोडतं?"

मला हसू आलं होतं, ते तिथेच थांबलं. रसायनशास्त्र शिकलेय मी, पण या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येईना. "शनिवारी बघू," म्हणून वेळ मारून नेली. ती विसरेल असं वाटलं होतं. शनिवारी सकाळी ती थोरल्या भावाला आणि आणखी पाच पोरांना घेऊन दारात हजर.

मी काही शिक्षिका नव्हे. पदवीनंतरची वीस वर्षं हिशेबाचे कागद तपासण्यात गेली. त्यामुळे ठरवलं तेही हिशेबनिसासारखंच: एक पाकीट घ्यायचं, त्यावरची यादी समोर ठेवायची आणि एकेका पदार्थाचा माग काढत जमेल तितकं मागे जायचं. तीन शनिवारांत आटपेल असा अंदाज होता. नऊ लागले, आणि यादीतले दोन पदार्थ तरीही राहिलेच.

पहिल्या दिवशी भिंतीवर मोठा कागद लावला आणि बाण काढायला सांगितले. बिस्कीट, त्याआधी दुकान, त्याआधी कारखाना, त्याआधी शेत, आणि शेतानंतर माती. दूध गाईकडे, गाय गवताकडे, गवत मातीकडे. साखर, तेल, पीठ, सगळ्यांचं टोक शेवटी मातीत रुतलेलं. मीठ तेवढं समुद्राकडे गेलं. सोड्याचा बाण 'कारखाना' या शब्दापाशी अडकला आणि व्हॅनिलाचा 'बाटली'पाशी. बारा वर्षांच्या थोरल्याने एक बरी गोष्ट हेरली: यादीत जे आधी लिहिलंय ते जास्त असतं, वजनाच्या उतरत्या क्रमाने. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीठ शेवटाकडे आहे, यावरून त्याने ताडलं.

माती खोडून टाकायची मला फार घाई झाली होती. आवरली. मुलांचं चुकलेलं लगेच दुरुस्त केलं की ती पुढच्या वेळी लिहायच्या आधी आपल्या तोंडाकडे बघतात, हे मी नातेवाइकांच्या घरात पुष्कळदा पाहिलंय.

पेरणी दुसऱ्या शनिवारी. रात्रभर भिजवलेले गव्हाचे दाणे भिंगाखाली धरले. एका टोकाला बारीक केसांचा झुपका असतो आणि दुसऱ्या टोकाला, पाठीच्या बाजूने, एक छोटासा सुरकुतलेला डाग. तो डाग म्हणजे भ्रूण, होणारं रोप. ब्लेडने दाणे आडवे कापले (ते काम माझं) आणि चार पेले केले: अख्खे दाणे, भ्रूणाकडचे अर्धे, केसांकडचे अर्धे, आणि चौथ्यात ओला मैदा.

आठवडाभराने अख्खे बहुतेक सगळे उगवलेले. भ्रूणाकडच्या दहा अर्ध्यांपैकी सहांना कोंब आले, जरा किरटे, पण आले. केसांकडचे दहाही मऊ पडून कुजले. मैद्यावर राखाडी-हिरवी लव धरली होती. तो पेला झाकणासकट लांबूनच दाखवला, उघडू दिला नाही.

भाची बराच वेळ अर्ध्या दाण्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "दळताना बाळ मोडतं."

मैद्यात तर ते नसतंच, मी सांगितलं. कोंडा आणि भ्रूण आधीच बाजूला काढतात, उरतो तो मधला पांढरा भाग. रोप स्वतःची पानं फुटेपर्यंत त्यावर जगतं.

"म्हणजे आपण बाळाचा डबा खातो," सगळ्यात लहान मुलगा म्हणाला. पुढचे सगळे शनिवार आम्ही त्याला डबाच म्हणत होतो. भ्रूणपोष हा शब्द मी एकदा उच्चारला, कुणी उचलला नाही, मीही आग्रह धरला नाही.

डब्यात काय आहे ते बघायचा पहिला प्रयत्न पार फसला. मैद्याचा गोळा मळून लगेच मोठ्या भोकांच्या चाळणीत नळाखाली धरला आणि दोन मिनिटांत सगळा मोरीत वाहून गेला. मुलं खूश, मी ओशाळलेली. दुसऱ्या वेळी गोळा घट्ट मळला, अर्धा तास झाकून ठेवला आणि नळाऐवजी पाण्याच्या भांड्यात बोटांनी हळूहळू चोळायला दिला. पाणी दुधासारखं झालं. ते बदललं, पुन्हा चोळलं. दहा-बारा मिनिटांत हातात उरला पिवळट, ओला, रबरासारखा लोळा. ओढला की ताणला जातो, सोडला की आखडतो. हे ग्लूटेन, गव्हाने साठवलेलं प्रथिन. कोरड्या पिठात ते असं जाळं होऊन बसलेलं नसतं. पाणी लागलं आणि मळलं की त्यातली दोन प्रथिनं एकमेकांत गुंततात. माझ्या पहिल्या गोळ्याला तेवढी सवडच मिळाली नव्हती.

पांढरं पाणी ग्लासात तासभर ठेवल्यावर तळाशी जाड थर बसला. त्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर काळा-निळा डाग. हा स्टार्च. लोळ्यावर टाकला तर तिथेही निळी झाक आलीच. "मग यातपण स्टार्च आहे?" अशी हरकत लगेच आली. आहे, पुरता धुतला गेला नाही. पुस्तकातल्या चित्रात लोळा स्वच्छ असतो, पण आमच्यासमोर होता तो असा होता, आणि वहीत तसाच लिहिला. आयोडीन लागलेलं काहीही तोंडात घालायचं नाही आणि कच्चं पीठ चाटायचं नाही, हे मात्र दर शनिवारी बजावावं लागलं. गहू किंवा दुधाची ॲलर्जी कुणाला आहे का, हे मुलांच्या घरी आधीच विचारून ठेवलं होतं.

बुरशीच्या पेल्यामुळे भलताच फाटा फुटला. एकाने लिंबाच्या क्रीमची बिस्किटं आणली होती. यादीत लिंबू कुठेच नाही, 'आम्लता नियंत्रक ३३०' मात्र आहे. ते सायट्रिक ॲसिड, लिंबातलंच आम्ल. पूर्वी ते लिंबांपासूनच काढत. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की एका काळ्या बुरशीला साखरेच्या पाण्यात वाढवलं की ती हे आम्ल भरपूर बनवते. आज जगातलं बहुतेक सगळं सायट्रिक ॲसिड असंच बनतं. "ईईई," असा एकमुखी निकाल लागला आणि त्याच हातांनी पाकीट संपलं.

साखरेचं लवकर उरकलं. भिंगाखाली साखरेचा कण तिरक्या कडांचा, मिठाचा चौकोनी ठोकळा, एवढं प्रत्येकाने वहीत काढलं. ऊस आणि बीट या दोन अगदी वेगळ्या झाडांतून येणारी साखर एकच आहे, हे १७४७ साली जर्मनीत आंद्रेआस मार्गग्राफने दाखवलं होतं, ते सांगितलं. पामतेलाचा शनिवार तर मी वायाच घालवला. जंगलं, मळे, जहाजं, सगळं महत्त्वाचं. पण हातात काहीच नव्हतं, नुसतं माझं बोलणं. वीस मिनिटांत दोघं टेबलाखाली गेले. त्यानंतर नियम केला: ज्या पदार्थाचं मुलांना स्वतःला काही करता येणार नाही, तो घ्यायचा नाही. राहिलेल्या दोन पदार्थांतलं एक हे तेल.

मातीकडे जाणाऱ्या बाणांचा विषय निघाला चौथ्या शनिवारी. कापसावर ठेवलेले काही दाणे निव्वळ पाण्यावर उगवले होते, आणि थोरला म्हणाला, यांना माती लागलीच नाही. मग व्हान हेलमाँटची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला हा माणूस. कुंडीत सुमारे ९० किलो सुकी माती तोलून घातली, त्यात वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७५ किलोंचं झालं. माती सुकवून पुन्हा तोलली तर कमी झाली होती जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. "मग झाड कशाचं झालं?" मी विचारलं. पाण्याचं, असं सगळे म्हणाले. हेलमाँटही तेच म्हणाला होता. १६४८ साली, तो गेल्यावर, त्याचं लेखन छापलं गेलं. त्याचं निम्मंच बरोबर होतं. झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा हिस्सा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मातीतून येतात ते क्षार, आणि तेवढ्यावाचून झाडाचं अडतं, पण वजनाच्या मानाने ते थोडेच.

पटलं का? अजिबात नाही. हवेला वजन असतं हेच निम्म्यांना मान्य नव्हतं. तरी मातीच्या पुढे एक तुटक बाण काढून 'हवा?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं गेलं. प्रश्नचिन्ह मीही पुसलं नाही.

मिठाच्या शनिवारी तयारी सगळ्यात कमी होती आणि रंगला तोच सगळ्यात जास्त. एक लीटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं, समुद्राच्या पाण्यात साधारण तेवढेच क्षार असतात. प्रत्येकाने थेंबभर चाटून तोंड वाकडं केलं. मग लहानग्याने विचारलं, "नद्या गोड्या, मग समुद्र खारट कसा?" नदीतही मीठ असतं, जिभेला कळणार नाही इतकं कमी. खडक झिजतात, त्यातले क्षार पाण्याबरोबर येतात. समुद्रातून पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १७१५ साली सुचवलं होतं की समुद्र किती खारट होत चाललाय यावरून पृथ्वीचं वय काढता येईल. १८९९ साली आयरिश शास्त्रज्ञ जॉन जोलीने तो हिशेब खरंच मांडला. समुद्रात एकूण सोडियम किती, नद्या दरवर्षी किती आणतात, भागाकार करा. उत्तर आलं आठ-नऊ कोटी वर्षं. आम्ही तेच बादलीत केलं. मी गुपचूप काही चमचे मीठ विरघळवून ठेवलं होतं. रोज एक चमचा पडतो असं धरा, आणि सांगा, किती दिवस झाले? मुलांनी पेलाभर पाणी आटवलं, मीठ तोललं, गुणाकार केला. सव्वीस दिवस. मी सत्तावीस चमचे टाकले होते. टाळ्या वगैरे झाल्या.

मग मी सांगितलं की पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. जोलीचं गणित बरोबर होतं, तरी उत्तर इतकं चुकलं कसं? खरं तर हे मीच सांगून पुढे सरकणार होते.

एरवी गप्प बसणारी एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "कुणीतरी मधून मधून मीठ काढत असेल तर?"

"समुद्रातून कोण काढणार?" थोरला.

तिने टेबलाकडे बोट केलं. तिथे दोन वाट्या होत्या, एकात समुद्राचं मीठ, दुसऱ्यात खाणीतलं गुलाबी खडेमीठ. निव्वळ रंग वेगळा म्हणून मी ते आणून ठेवलं होतं. "हे खाणीत कसं गेलं मग?"

मी अक्षरशः खाली बसले. जोलीचं चुकलं ते इथेच. मीठ समुद्रात येतं तसं जातंही. उथळ समुद्र जमिनीने वेढले जाऊन आटतात, मिठाचे थर बसतात, त्यांवर गाळ साचतो आणि ते जमिनीच्या पोटात जातात. काही सोडियम समुद्रतळाच्या खडकांत आणि चिखलात अडकतं. म्हणजे जोलीने मोजलं ते पृथ्वीचं वय नव्हतंच, मीठ समुद्रात सरासरी किती काळ राहतं याचा तो कच्चा अंदाज होता. हे सगळं मला ठाऊक होतं, पण वाटीतल्या गुलाबी खड्याशी त्याची गाठ मी स्वतः कधी घातली नव्हती. कागदावर मिठाला आता दोन बाण झाले, एक समुद्राकडे जाणारा, एक समुद्राकडून निघालेला.

त्याच मिठातून सोडा सुटला. खाण्याचा सोडा काही ठिकाणी ट्रोना नावाच्या खनिजापासून मिळतो. नाहीतर लागतं मिठाचं पाणी आणि चुनखडी. चुनखडी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो अमोनियाच्या मदतीने मिठाच्या पाण्यात मुरवतात. अर्नेस्ट सॉल्व्हेने ही पद्धत १८६१ मध्ये बसवली. बरीचशी चुनखडी म्हणजे जुन्या समुद्रांतल्या जीवांची कवचं. एका पेल्यात अंड्याचं टरफल, दुसऱ्यात सोडा, दोन्हीवर व्हिनेगर, दोन्हीकडे बुडबुडे. बिस्किटाच्या तुकड्यातली बारीक भोकं भिंगातून दाखवली. हा फुगवणारा वायू कुठून आला, या प्रश्नावर कुणी 'शिंपला' म्हणालं तर ते फारसं चूक नाही. ते एका वहीत मोठ्या अक्षरांत आहे.

व्हॅनिलावर भांडण झालं. मुलांनी मधेच कधीतरी कागदावर दोन रकाने केले होते, 'निसर्गातलं' आणि 'कारखान्यातलं', आणि पहिलं चांगलं, दुसरं वाईट असं आपसांत ठरवूनही टाकलं होतं. हा समज घरातून येतो, मोठ्यांकडून. व्हॅनिला ऑर्किडची शेंग आहे हे ऐकून ती पहिल्या रकान्यात गेली. मी शोभेच्या ऑर्किडचं एक फूल आणलं होतं. टूथपिकचं टोक फुलाच्या मधल्या खुंटाच्या टोकाशी हलकेच घासलं की परागकणांचे दोन पिवळे गोळे चिकटून बाहेर येतात. प्रत्येकाला करून बघायचं होतं, फूल तीन जणांतच संपलं. व्हॅनिलाचे वेल मेक्सिकोबाहेर नेले तेव्हा फुलं येत, शेंगा धरत नसत. १८४१ साली रेयुनियाँ बेटावर एडमंड अल्बियस या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठ्याने फुलातला पडदा उचलून परागीभवन करायची युक्ती काढली. आजही मळ्यांत हात तसेच चालतात. तो बारा वर्षांचा होता. थोरल्याने टूथपिक परत मागितली.

पण आमच्या पाकिटावर शेंग नव्हती, 'निसर्गसमान स्वाद' असं लिहिलं होतं. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य पदार्थ व्हॅनिलिन. १८७४ मध्ये तो जर्मनीत पाइनच्या झाडातल्या एका रसायनापासून बनवला गेला, आता बहुतेक खनिज तेलापासून. रेणू तोच. शेंगेत त्याच्या जोडीला आणखी शेकडो वास असतात, एवढाच फरक. मग हा कुठल्या रकान्यात? पाइन निसर्गातलं की कारखान्यातलं? साखर? बुरशीचं आम्ल? अर्धा तास आरडाओरडा झाला. शेवटी भाचीने मधली रेघच खोडरबराने पुसायला घेतली. ती पेनाने मारलेली होती, कागद फाटला.

नवव्या शनिवारी बिस्किटं केली. नियम एकच, सगळं तोलायचं. चाळीस बिस्किटं मांडून झाली तेव्हा कच्चं वजन ६०० ग्रॅम होतं, त्यात दूध ६० ग्रॅम. भाजून निघाल्यावर काट्यावर ४९४. एकशे सहा ग्रॅम गेले कुठे, यावर चर्चा चालू असताना थोरल्याने बिस्किटं मोजली. अडतीस. लहानग्याच्या तोंडाला चुरा लागलेला.

दुसऱ्याचं नाव पुढे आलं नाही. मिठाच्या बादलीवाल्या मुलीने एक बिस्कीट तोललं, १३ ग्रॅम. दोन म्हणजे २६. म्हणजे भट्टीत गेले ८० ग्रॅम. "पाणी," सगळे म्हणाले, वाफ झाली. यादीत पाणी का लिहीत नाहीत तेही आता कळलं, भाजताना ते उडून जातं. भाचीने मात्र पेन्सिल खाली ठेवली नाही.

"दूध साठच ग्रॅम होतं. वरचं वीस कुणाचं?"

कुणीतरी लोणी म्हणालं. त्यात पाणी असतंच, ते मांडलं, तरी पुरेना. मी काही न बोलता मूठभर कोरडा मैदा कढईत घालून मंद आचेवर ठेवला आणि वर काचेचं झाकण टाकलं. सातही डोकी झाकणावर वाकली. मिनिटभर काहीच झालं नाही. मग काच आतून धुरकट झाली, आणि कडेला एक थेंब जमून घरंगळला.